नावाड्याला चालेल असा दिनार

फेब्रुवारी, तेरावा दिवस. सकाळ

...आधी शेगडीतली राख काढली, मग कोपऱ्यावरच्या कारंज्यावरून दोन घागरी आणल्या, भिजलेले हरभरे चढवले आणि झाडू हातात घेतला. हे खिडकीपाशी बसले होते. पेढीवरून आणलेले दिनार एकेक करून दगडावर वाजवत होते. खरं. खरं. खोटं. खरं. मी झाडत झाडत त्यांच्या पायांपर्यंत आले तेव्हा म्हणाले, जरा झाडू थांबव, चांदी काय बोलते ते ऐकू येत नाही. मी म्हटलं, चांदीला सांगा, बायकोचं काम उरकू दे, मग बोल. हसले. पाय वर घेतले. मी खालचं झाडून घेतलं.

एवढंच. हे होते तेव्हाची एक सकाळ. त्या सकाळी विशेष काही झालं नाही, म्हणून लिहून ठेवलं. विसरले असते.

आजपासून नऊ दिवस पितरांचे. रोमच्या रीतीनं लोक तारीख उलटी मोजतात, पुढचा महिना लागायला इतके दिवस उरले, अशी. मला ते जमत नाही. मी बोटांवर सुलटी मोजते. या मेणाच्या पाट्या ह्यांच्याच. मी सोडून कुणी वाचायचं नाही. भरल्या की पुसून पुन्हा लिहीन.

मी बरी आहे. आधीच लिहून टाकते, कारण जो तो तेच विचारतो.

तोच दिवस. दुपार

पितरांसाठी घर आवरायला काढलं. फळीवरच्या निळ्या फडक्यातला दिनार घासायला घेतला. ऑक्टोबरात हे वारले तेव्हा त्या फडक्यात दोन होते, जुळ्या भावांसारखे. त्यातला एक मी स्वतः निवडून ह्यांच्या जिभेवर ठेवायला दिला. पाताळातल्या नदीवर नावाडी उभा असतो, त्याची उतराई. सगळे तांब्याचं ठेवतात. मी म्हटलं, बावीस वर्षं ज्यानं नाणी पारखली त्याला तांबं देऊन पाठवू? मला नाणं कळतं. बावीस वर्षं कानांवर पडलं आहे. आणि वेगळ्या फडक्यात जपून ठेवलेलं म्हणजे उत्तमच असणार.

राख आणि सिरका लावून घासलं. सम्राटांच्या गालावरची चांदी सालीसारखी निघाली. खाली तांबडं.

मुलामा.

पुन्हा घासलं. कानही तांबडा.

जुळ्यांपैकी एक असा, तर दुसरा वेगळा कसा असेल?

तोच दिवस. दिवेलागण

घाबरण्यासारखं काही नाही. नावाडी अंधारात काम करतो. त्याला इतकं कुठे दिसणार.

मग आठवलं. हे मुलामा जिभेनं ओळखायचे. चार महिने ते नाणं जिभेवर आहे. नावाड्यानं विचारायच्या आधी स्वतःच सांगतील, हे खोटं आहे म्हणून. तसलेच आहेत. मग काठावर बाजूला उभे राहतील आणि मागच्या माणसाला म्हणतील, तुम्ही व्हा पुढे.

उपाय सोपा आहे. कबरीत तळ फोडलेली सुरई पुरली आहे, दारू ओतण्यासाठी तिची मान वर ठेवली आहे. त्या मानेतून एक खरा दिनार खाली सोडायचा.

उद्याच.

चौदावा दिवस

वारा फार. नदीवर लाटा. गेले नाही.

शिवाय कोणता दिनार, हे ठरवायला हवं. मागच्या वेळी घाईनं घात झाला. माझी चूक नव्हती, चांदीची होती. माझ्याजवळ काही जुने दिनार आहेत. एकेक नीट पाहून ठरवीन. कुणाला विचारायची गरज नाही. मी वाचायला शिकले तीच नाण्यांवरून, सम्राटांच्या डोक्याभोवती गोल गोल. अजून सरळ ओळ वाचताना मान थोडी फिरते. कबरीच्या दगडाचा मजकूरही मीच काढला होता. गोल लिहून दिला, नाण्यावर तोडतात तसे शब्द तोडून. पाथरवट म्हणाला, बाई, दगड चौकोनी आहे, आणि नवरा तुमचा सम्राट नव्हता. मी म्हटलं, तू तुझं काम कर. त्यानं सरळ ओळीत कोरलं. अजून तिथे गेलं की मला ते चुकल्यासारखं वाटतं.

सोळावा दिवस

गेले. बरोबर गरुडाचा दिनार. छाप्यावर मागचे सम्राट, वारल्यानंतरचे. काट्यावर पंख पसरलेला गरुड.

कबरी नदीपलीकडच्या बेटावर. ओस्तियाच्या धक्क्यावरून फुस्कुसची नाव जाते. त्याला सहज विचारलं, समजा कुणी दिनार दिला तर? म्हणाला, कुणी म्हणजे तुम्हीच ना? मी म्हटलं, समज. तो म्हणाला, बाई, एका तांब्याच्या फेरीला चांदी काढता, मोड काय माशांकडून मागून आणू? सकाळी सकाळी पंचाईत करू नका. नसेल तर उद्या द्या. मी विचारलं, आणि चांदी खोटी निघाली तर? म्हणाला, तर तुम्हाला मधेच उतरवीन. अख्खी नाव हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दारूत भिजवलेला पाव, मीठ, जांभळी फुलं ठेवली. दारू ओतली. सुरईच्या तोंडाशी वाकून ह्यांना सगळं सांगितलं. चिडले नसावेत. दिनार काढला आणि तेवढ्यात लक्षात आलं, गरुड हा सम्राटांना वर न्यायला येतो. ज्याच्याकडे गरुड त्याला नाव कशाला? नावाड्याला वाटेल, आपली चेष्टा चालवली आहे.

परत आणला. बरं झालं वेळेवर सुचलं.

अठरावा दिवस

आज फाउस्तिनाचा दिनार. काट्यावर मोर. चांदी निर्मळ, वाजतो सुरेख. नेला.

परत आणला. हे एकदा म्हणाले होते, बघ, काय केस बांधलेत सम्राज्ञीनं, कोरणाऱ्याचे डोळे गेले असतील. दोनदा म्हणाले होते. हेवा वगैरे काही नाही. तीही कधीच वारली. पण इतक्या लांबच्या वाटेवर तिलाच सोबत पाठवायला नको.

ह्यांना म्हटलं, दोन दिवस आणखी कळ काढा.

एकविसावा दिवस

पितरांचा शेवटचा दिवस. सगळं गाव बेटावर. वन्सं बरोबर होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण रेस्तूता, मासळीबाजाराच्या मागे राहतात. ह्यांना शेवटची आंघोळ त्यांनीच घातली, कापडही त्यांनीच गुंडाळलं. म्हणतात की मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला तसं आठवत नाही.

आज अंतोनीचा जुना दिनार नेला, गलबत असलेला. नावाड्याला गलबत बघून बरं वाटेल. वन्संनी माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या, मुठीत काय आहे गं? मी म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, काही नाही इतकं आवळून कुणी धरत नाही. मी म्हटलं, हात गारठलेत. आता त्यांच्यादेखत कसा टाकणार?

येताना नावेत त्यांना विचारलं, वन्सं, तो खालचा नावाडी चांदी घेत असेल ना हो? त्या एकदम उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. नाव डोलली. फुस्कुस ओरडला, मावशी, बसायला आलात की बुडवायला?

घरी आल्यावर आठवलं. हे सांगायचे, अंतोनीच्या दिनारात तांबं जास्त. आरमार उभारायचं होतं, चांदी पुरवून पुरवून वापरली. आणि ते आरमार तर हरलं. हरलेलं गलबत देऊन माणसाला पाण्यात पाठवायचं म्हणजे काय.

नाही टाकला तेच बरं. पितरांचे दिवस संपले, पण खाली कुठे तारखा कळतात.

मार्च, चौथा दिवस

पेढीवर गेले. ह्यांच्याबरोबरचा पारखी मोदेस्तुस आता एकटाच बसतो. शेजारची ह्यांची जागा रिकामी आहे, तिथे त्यानं तराजू ठेवला आहे. म्हटलं, मला एक दिनार निवडून दे, ज्यात शंका घ्यायला जागा नाही असा. म्हणाला, कशाला वहिनी? मी म्हटलं, हौस. त्यानं वीसेक दिनार वाजवले. एक पुढे सरकवला. म्हणाला, त्रायान सम्राटांच्या वेळचा आहे, हा खोटं बोलायचा नाही.

मग मी विचारलं, निळ्या फडक्यात हे काय ठेवायचे? हसला. म्हणाला, ती जोडी अजून आहे? कार्पसनं नव्या पारख्यांना शिकवायला ठेवली होती. असली बनावट पुन्हा व्हायची नाही. पहिल्या दिवशी मीही फसलो होतो.

तोही फसला होता. मी लिहून ठेवते आहे.

मार्च, अकरावा दिवस

मोदेस्तुसनं दिलेला दिनार घरी नीट पाहिला. छाप्यावर त्रायान, मानेवर पानांच्या मुकुटाची गाठ. काट्यावर जिंकलेल्या देशाची बाई. जमिनीवर बसली आहे, गुडघे वर, गाल हातावर टेकलेला. नावाड्यापुढे असली रडकी बाई कशाला?

वन्सं मासे घेऊन आल्या. हल्ली दर आठ दिवसांनी आणतात. नको म्हटलं तरी आणतात, आणि मी चूल पेटवेपर्यंत थांबतात. त्यांनी दिनार हातात घेतला, दाराशी नेऊन पाहिला. म्हणाल्या, अगं उर्बिका, ही तर तूच. मी म्हटलं, मी अशी कधी बसत नाही. म्हणाल्या, परवा कारंज्यावर अशीच बसली होतीस, घागर भरून वाहत होती, मागे रांग लागली होती, आणि तुला कुणी उठवायला धजेना.

घागर वाहत होती हे खरं. पण मी विचार करत होते. बसणं वेगळं आणि विचार करणं वेगळं.

ठरलं. हाच दिनार. चांदी खरी आहे, बाकीचं नावाडी कशाला बघेल.

एप्रिल, दुसरा दिवस

आज सोडला.

म्हणजे असं. सुरईची मान किती खोल जाते ते कुणालाच ठाऊक नाही. मधेच अडकला तर सगळंच वाया. म्हणून आधी मोजून घ्यावं म्हटलं. दिनार फडक्याच्या चिंधीत बांधला, चिंधीला दोरा लावला आणि खाली सोडला. गेला. अडकला नाही. तळाला टेकल्याचं हाताला कळलं.

मोजून झालं. वर ओढून घेतला.

एप्रिल, नववा दिवस

पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

एप्रिल, विसावा दिवस

आतापर्यंत सहा वेळा मोजलं. दोरा चांगला आहे, एकदाही तुटला नाही.

फुस्कुस म्हणाला, बाई, रोजचंच झालं आहे तर महिन्याचं ठरवून टाका, दोन फेऱ्या सोडतो. मी म्हटलं, रोज कुठे येते? म्हणाला, बरोबर, परवा नव्हता आलात. मी म्हटलं, परवा पूर होता.

ह्यांना काठावर उभं राहावं लागतं याचं वाईट वाटतं. पण अगदीच एकटे आहेत असं नाही. मी जाते. पेढीवरचं सांगते. पाव महागला ते सांगते. काल वरच्या मजल्यावरच्या बाईनं चटई झटकली आणि धूळ माझ्या लापशीत पडली, तेही सांगितलं. एकदा ते पलीकडे गेले की हे सगळं ऐकायला तिथे

हे ओघात लिहिलं. पुसते.

पुसलं नाही. मेण कडक झालं आहे.

मे, दहावा दिवस

काल घरातली भुतं घालवायचा दिवस. पुरुष माणसानं काळे पावटे तोंडात घ्यायचे, मागे न बघता टाकत जायचं आणि नऊ वेळा म्हणायचं, जा. मोदेस्तुसनं निरोप पाठवला होता, वहिनी, घरात पुरुष नाही, मी येऊन करून देतो. मी कळवलं, नको, माझं घर स्वच्छ आहे.

पावटे आणून ठेवलेले होते. आज शिजवून खाल्ले. तीन तास शिजूनही कडकच राहिले.

मी कुणाला जा म्हणू?

मे, चौदावा दिवस

निश्चय. गुलाबांच्या दिवशी, म्हणजे तेवीस तारखेला, दोरा न लावता सोडायचा. चांगला दिवस आहे, कबरींवर फुलं असतात, खालीही बरं वाटत असेल. ह्यांना तसं सांगून आले. आता मागे हटता येणार नाही.

मे, बाविसावा दिवस

सगळी तयारी झाली. गुलाब सांगून ठेवले. दिनार घासून ठेवला.

दोराही घेतला आहे. फुलं बांधायला.

मे, सव्विसावा दिवस

तीन दिवस लिहिलं नाही. सावकाश लिहिते.

तेविसाला लवकर गेले. बेटावर अजून गर्दी नव्हती. गुलाब ठेवले, दारू ओतली, दिनार चिंधीत बांधला. सोडला. खाली टेकला. मी दोरा बोटाला गुंडाळून तशीच बसले होते, तेवढ्यात मागून वन्संचा आवाज आला. काय करतेस तू?

मी म्हटलं, खोली मोजते. त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, दोऱ्याला काय आहे? मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं. मुलामा, जीभ, काठ. मी म्हटलं, वन्सं, तुमचा भाऊ फेब्रुवारीपासून, नाही, ऑक्टोबरपासून तिथे उभा आहे, माझ्यामुळे.

वन्सं खाली बसल्या. गुलाबांवरच बसल्या. म्हणाल्या, उभा नाही गं तो.

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, चांदी कुणी मातीत घालतं का? आपल्या घरात कधी घातली नाही. आईला तांब्याचं ठेवलं, बापाला तांब्याचं ठेवलं. तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी तुझा दिनार काढला आणि हाताला लागलं ते तांब्याचं ठेवलं. थंडी तोंडावर आली होती, लाकूड घ्यायचं होतं. तुला सांगणारच होते. दुसऱ्या दिवशी मासेवाल्याला आधी दिला. त्यानं फळीवर आपटला आणि माझ्या अंगावर फेकला. म्हणाला, भाऊ पारखी होता ना तुझा? सगळा बाजार बघत होता. मला वाटलं, कार्पसनं मेल्यावर मला पकडलं. मग तुला कुठल्या तोंडानं सांगू? मासे आणत राहिले.

त्या रडत होत्या. मी रागावले नाही. मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं, ते तांब्याचं खरं होतं का?

वन्सं नाक पुसत म्हणाल्या, तांब्याचं खोटं कोण करतं गं?

म्हणजे हे त्याच दिवशी पलीकडे गेले. खरं नाणं देऊन, मोड न मागता, रांगेतल्या कुणाला न अडवता. काठावर कुणी उभं नव्हतं. मी पाव महागल्याचं सांगत होते तेव्हाही नव्हतं.

वन्सं म्हणाल्या, बरंच झालं की नाही? पोचला तो. मी म्हटलं, हो, बरं झालं. खरंच बरं झालं. मग वन्संनी काखेत हात घालून उठवलं. दोरा माझ्या बोटाला तसाच होता, त्यांनी तो हळूहळू वर ओढला, चिंधी सोडली आणि दिनार माझ्या हातात दिला. नावेत आम्ही दोघी एका फळीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी मी मोदेस्तुसकडे जाऊन दिनार मोडला. सोळा तांब्याची आली. पंधरांत पाव, तेल आणि कांदे आणले. सोळावं माझ्या उतराईसाठी ठेवलं, आणि कुठे ठेवलं आहे ते वन्संना सांगून आले.